घट्ट धरलेला हात

मुरगळलेला पाय घेऊन मी दवाखान्यात बसले होते. समोरच्या खाटेवर एक मुलगी कोऱ्या भिंतीकडे बघून किंचाळत होती. तिच्या मैत्रिणीनं तिचा हात घट्ट धरला होता.

"काय घेतलंय हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. ऊन लागलंय," मैत्रीण म्हणाली.

डॉक्टर वळताच ती सोबतच्या मुलाला कुजबुजली, "जिभेवर नशेचा कागद ठेवला होता, ते बोलू नकोस. घरी कळेल."

माझं डोकंच फिरलं. त्या कागदात काय असतं ते विकणाराही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि जेवढं ठाऊक आहे तेवढंही ही डॉक्टरांपासून लपवणार! आपल्याकडे आधी अब्रू वाचवायची, मग माणूस.

मी ओरडून डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"काकू, तुम्ही हिच्या कोण?" मैत्रीण फणकारली.

"कोणी नाही. तू कोण गं?"

तिनं हात सोडला.