मामांच्या चिपला ऊन दाखवलं

मागच्या महिन्यात शेतातल्या मोटारीवर बसवलेला माझा छोटा कंप्युटर बंद पडला. पत्त्याच्या पानाएवढी पाटी, तिच्यावर लिनक्स चालतं. वीज आली की मोटार चालू करायची, हौद भरला की बंद करायची, एवढंच तिचं काम. लाल दिवा लागायचा आणि पुढं काहीच हलायचं नाही. आधी चार्जर बदलला, मग वायर बदलली, शेवटी पडद्याला जोडून बघितलं तेव्हा कळलं की कार्डावरच्या फाइली खराब झाल्यात. कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं, सगळं नव्यानं भरलं, वायफाय आणि पासवर्ड टाकले. अर्ध्या तासात मोटार सुरू. बायको म्हणाली, "झालं बी इतक्यात?" आणि मला असा राग आला म्हणता! तिच्यावर नाही, स्वतःवर. एका माणसानं माझ्यासमोर असंच पुन्हा भरायला एक तास मागितला होता. मी तो मिळू दिला नाही.

आता सांगायलाच बसलोय तर आडून आडून कशाला सांगू? चूक माझी होती. लपवली मी. भोगली दुसऱ्यानं.

परभणीतल्या एका तांत्रिक संस्थेत मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. ऐंशी सालाच्या पुढची वर्षं. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद गावोगाव पेटलेला. आज मोर्चा, उद्या बंद, परवा एसटीच्या काचा. आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा डबा खायची दोन टेबलं वेगळी झाली होती. मी नामांतराच्या बाजूचा. पाठिंब्याच्या कागदावर सही ठोकली होती आणि त्या सहीचा मला लय अभिमान होता. सही करायला काय लागतं हो? पेन लागतो.

प्रयोगशाळेत एकच सिंगल बोर्ड कंप्युटर होता. त्याला आम्ही किट म्हणायचो. उघडी हिरवी पाटी, वर कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि सहा लाल आकडे. पडदा नाही, काही नाही. एकेक आज्ञा आकड्यांत भरायची. चारशे भरल्या आणि एक चुकली की मुसळ केरात. वीज गेली की भरलेलं सगळं साफ. आणि वीज तर पाहुण्यासारखी यायची, चहा घ्यायची, निघायची.

ते किट सांभाळायला होते मामा. संस्थेत परिचराला सगळेच मामा म्हणतात, पण हे मामा म्हणजे वेगळंच रसायन. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, बौद्ध समाजातले, चुडाव्याहून रोज रेल्वेनं यायचे. शिक्षण दहावी. काम काय, तर कपाटं उघडायची, धूळ झटकायची, पोरांना वायरी काढून द्यायच्या. पण पाच-सहा वर्षं पोरांच्या मागं उभं राहून त्यांनी ते किट कधी आत्मसात केलं, मलाही कळलं नाही. कुणाचा प्रोग्राम अडला की मागून हळूच म्हणायचे, "तिसऱ्या वळीत बघा, आठाचा शून्य झालाय." आणि झालेलाच असायचा!

आमच्याकडं तास संपल्याची घंटा म्हणजे रुळाचा एक लटकवलेला तुकडा. शिपायाला आठवण झाली की तो बडवायचा. मामांनी काय करावं? किटनंच वेळ मोजायची आणि वेळापत्रकाप्रमाणं विजेची घंटा वाजवायची, मधली सुट्टी धरून, असा प्रोग्राम लिहिला. दोनशे पानी वहीत, पेन्सिलीनं, ओळीनं आकडे. किटवर भरून दाखवला आणि घंटा खणखणली तेव्हा मी त्यांना मिठीच मारली. खरंच मारली. तेवढं माझ्या बाजूनं जमा धरा.

मी प्राचार्यांच्या कानावर घातलं. निदेशकाची, म्हणजे पोरांना प्रात्यक्षिक शिकवणाऱ्याची, एक जागा रिकामी होती. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी निवड समिती येणार होती. प्राचार्य म्हणाले, अनुभवावर आतला माणूस घेता येतो, पण समितीसमोर काम चालवून दाखवावं लागेल. पुढच्या वर्षी मामांचं वय बसणार नव्हतं, म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची. मामा मला म्हणाले, "सर, पोरीचं लग्न काढलंय. पत्रिकेत माझ्या नावापुढं परिचर न्हाई, निदेशक छापायचं हाय." एवढंच बोलून लाजल्यासारखे कपाट पुसायला लागले.

वीज गेली तरी प्रोग्राम टिकावा म्हणून तो चिपमध्ये पक्का करावा लागायचा. त्याला 'चिप भाजणं' म्हणायचे, आणि भाजायचं यंत्र औरंगाबादला एका दुकानात होतं. मामा निघाले त्याच दिवशी बंद पुकारला गेला. एसटी वाटेतच अडवली, पुढं पायी, पुन्हा एका ट्रकवर. त्या दिवसांत त्या रस्त्यानं जाणं त्यांच्यासाठी काय होतं, हे मला तेव्हा नीट कळलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी चिप खिशात घेऊन परतले. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. त्या खिडकीतून कडक उजेड आत गेला की लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून मामांनी टपालाच्या तिकिटांच्या कडेची पांढरी डिंकाची पट्टी जिभेनं ओली करून त्या खिडकीवर चिकटवली. चिप किटवर बसवली, घंटा वाजवून बघितली, किट कपाटात ठेवलं.

भाद्रपदात प्रयोगशाळेचं छत गळलं आणि नेमकं त्या कपाटावर. किट दमट झालं, आकडे थरथरायला लागले. मी ते घरी आणलं. घरात आमचा दसरा काढणं चाललेलं. घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन वाळवतात ना, ते. माळवदावर गोधड्याच गोधड्या. बायको म्हणाली, "ह्याला बी ऊन दाखवा की. गोधडी वाळती तर हे न्हाई वाळायचं?"

आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, म्हणालो, खरंच की!

आधी ब्रशनं आणि स्पिरिटनं पाटी पुसली. चिपवरची ती पट्टी फुगून, काळी पडून सुटत आली होती. घाण दिसते म्हणून नखानं काढून टाकली. खाली खिडकी चमकली, आत सोन्यासारख्या तारा. बायकोलाही बोलावून दाखवलं, बघ कसं सुंदर असतंय. मग किट गोधड्यांच्या शेजारी मांडलं. सकाळी वर न्यायचं, सांजेला खाली आणायचं. घट बसले तरी चालूच, असे नऊ दिवस. आमचं आश्विनातलं ऊन, पापड सांडगे दोन दिवसांत कडक करणारं! उजेडानं चिप पुसली जाते हे मी दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत होतो. पुस्तकात त्यासाठी एक खास दिवा असतो. तो दिवा रोज माझ्या माळवदावर उगवतो, हे काही डोक्यात आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

दहाव्या दिवशी खिडकीवर नवा पांढरा कागद डकवला, किट चालू केलं. आकडे ठणठणीत. किट चालवणारा मूळ प्रोग्राम दुसऱ्या चिपमध्ये होता आणि तिच्यावरचं कंपनीचं लेबल शाबूत होतं. घंटेच्या वायरी मामांच्या कपाटात, किल्ली त्यांच्याकडं, आणि मामा धम्मचक्र दिनासाठी नागपूरला गेलेले. म्हणून घंटा काही मी वाजवून बघितली नाही.

मामा परतले ते समितीच्या दिवशी सकाळीच, गाडी उशिरा आली म्हणून स्टेशनवरून थेट. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. समितीत तिघं जण, प्रमुख पुण्याकडचे. मामांनी वायरी जोडल्या, दहा अठ्ठावन्न वेळ लावली आणि हात मागं बांधून उभे राहिले. अकरा वाजले. किट गप्प. बाहेर शिपायानं रूळ बडवला, ठण ठण ठण.

समितीतला एक जण हसला. मी पुढं झालो. वीज मोजली, बरोबर होती. घंटा थेट जोडली, वाजली. किट बंद करून पुन्हा चालू केलं. मग मामांनीच चिपमधलं एकेक घर उघडून बघायला सुरुवात केली. प्रत्येक घरात एफ एफ. पुढं एफ एफ. आणखी पुढं एफ एफ. कोऱ्या चिपचं हे लक्षण. मामा शेवटपर्यंत बघत गेले.

मग त्यांनी चिपवरचा पांढरा कागद बघितला आणि मला हळू आवाजात विचारलं, "सर, ह्याच्यावरचा कागद बदलला का कुणी?"

त्या क्षणाला मला सगळं कळलं. माळवद, गोधड्या, नऊ दिवस. मी म्हणालो, "हो मामा, ओला झाला होता. काढला आणि लगेच दुसरा लावला."

लगेच! त्या एका 'लगेच'मध्ये मी नऊ दिवसांचं ऊन गिळलं.

मामांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? म्हणाले, "मग माझंच चुकलं आसंल. बंद व्हता, मी घाई केली. नीट भाजली गेली न्हाई." आणि समितीकडं वळून हात जोडले, "सायेब, वही हाय माझ्याकडं. एक घंटा द्या. हातानं भरतो समदं, वाजवून दावतो."

आमच्याकडं तासाला घंटाच म्हणतात. निजामाच्या राज्यापासून म्हणत आलोत. प्रमुख साहेब म्हणाले, "अहो, घंटाच तर मागतोय आम्ही मघापासून! तीच तुमच्याकडं नाही!" सगळे खो खो हसले. मीसुद्धा हसलो. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

हसून झाल्यावर साहेबांनी मला विचारलं, "तुमचं काय मत? होईल तासाभरात?"

मामा माझ्याकडं बघत होते. मला पक्कं ठाऊक होतं, त्यांना पाऊण तास पुरे होता. वही त्यांना तोंडपाठ होती. पण हातानं भरून घंटा वाजली असती तर पुढचा प्रश्न आला असता, मग चिप कोरी कशी झाली? आणि तो प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला असता. खाई त्याला खवखवे.

"नाही होणार," मी म्हणालो.

साहेबांनी फाइल मिटली. उठता उठता दुसरा एक सदस्य म्हणाला, "माणसांना सवलती देता येतात, यंत्र कुणाला सवलत देत नाही." मामा तिथंच वायरी गुंडाळत होते. आणि नामांतराच्या कागदावर सही करणारा मी? मी त्या लोकांना चहाला घेऊन गेलो.

जागेवर बाहेरचा एक मुलगा आला. वाईट नव्हता, पण त्याला किट मामांनीच शिकवलं, पहिले पंधरा दिवस. मग हळूहळू मामांनी बटणांना हात लावणं सोडलं. पोरं अडली, विचारायला आली, तर म्हणायचे, "सरांना विचारा बाबा, मला न्हाई समजत त्यातलं." मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आले होते. त्यांच्या नावापुढं काहीच छापलेलं नव्हतं. मी म्हणालो, मामा, आपण चिप पुन्हा भाजून आणू, मी स्वतः येतो औरंगाबादला. तर म्हणाले, "कशाला सर? आपल्या हाताला यश न्हाई." शिकलेल्या माणसाच्या अंगाला शंका चिकटत नाही. ती खाली घरंगळत जाते आणि ज्याला पहिल्यापासून तू कमी आहेस असं सांगितलंय, त्याच्या पायाशी थांबते.

सांगू, सांगू म्हणत वर्षं गेली. कधी वाटायचं पुढच्या सोमवारी, कधी वाटायचं परीक्षा झाल्यावर. भ्याड माणसाला मुहूर्त सापडत नसतो.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच वर्षी मामा निवृत्त झाले. संस्थेनं निरोप समारंभ ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं, मामांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपासून लांबच उभे राहिले. म्हणाले, "मी साधा माणूस. एकदा ह्या सरांनी माझ्यासाठी लय मोठी संधी आणली व्हती. माझ्याच हातानं तिची माती झाली. सरांची समितीपुढं मान खाली गेली. पर सरांनी कदी, येका शब्दानं, मला बोलून दाखवलं न्हाई. येवढ्या वर्षांत कदीच न्हाई. ह्ये उपकार मी इसरणार न्हाई." मग माझ्याकडं वळून हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम."

टाळ्या झाल्या. त्यांच्यानंतर बोलायची पाळी माझी होती. मी उठलो, माइक हातात घेतला आणि मामांच्या प्रामाणिकपणावर पाच मिनिटं बोललो.