ब गटाचा शब्द

तीस वर्षांच्या नोकरीत शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी कुणालाही 'शाबास' म्हटलं नव्हतं. मन कोतं होतं अशातला भाग नाही. तो शब्द त्यांच्या जिभेला मानवत नव्हता, इतकंच. मुलगी शर्यत जिंकून धापा टाकत समोर उभी राहिली, की सर घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "ठीक." शाळेचा विक्रमच मोडला तर, "ठीक आहे." मुलं त्यांना पाठीमागे 'ठीकसर' म्हणत. हे शिपायाला ठाऊक होतं, मुख्याध्यापिकांना ठाऊक होतं, सरांच्या बायकोलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या ठीकसरांना.

अशा माणसाने वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं आणि विषय घेतला 'शाब्दिक प्रोत्साहनाचा उभ्याने लांब उडीवर होणारा परिणाम'. विषय त्यांना कुणी चिकटवला नव्हता, त्यांनीच निवडला होता. आपल्याला काय येत नाही याची माणसाला आतून कल्पना असते म्हणतात.

चार वर्षं उलटली. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या, तिसरी मिळणार नव्हती. महिनाअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. शिक्षकांच्या खोलीत दोघं तरुण शिक्षक सरांना आधीच 'होऊ घातलेले डॉक्टर' म्हणू लागले होते. ते त्यांना नोंदणीपेक्षाही जास्त टोचत होतं.

प्रयोग मात्र चोख होता. आठवीची साठ मुलंमुली, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट, बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. व्यायामशाळेच्या जमिनीवर खडूची रेघ, रेघेमागे दोन्ही पाय, उडी, मग मागच्या टाचेपर्यंत पोलादी टेपने मोजणी. अ गटाला प्रत्येक उडीनंतर 'शाबास' म्हणायचं. ब गटाला काहीच म्हणायचं नाही, असं आधी ठरलं होतं. पण सर अजिबात बोललेच नाहीत तर मुलांना ते रुसल्यासारखे वाटतील, अशी शंका त्यांच्या मार्गदर्शक मॅडमनी काढली. मॅडम सरांहून चौदा वर्षांनी लहान, परगावच्या, आणि शंका काढण्यात पटाईत. त्या म्हणाल्या, "ब गटासाठी एखादा बिनवजनाचा शब्द शोधा."

सरांना शोधावं लागलंच नाही. त्यांच्या माहितीतला सर्वांत बिनवजनाचा शब्द त्यांच्या जिभेवर तयारच होता: 'ठीक'.

तालीम लागली ती 'शाबास'ची. आठवडाभर आरशासमोर उभं राहून ते तो शब्द म्हणत होते. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "कोण आलंय हो?"

बारा आठवड्यांनी सरासरी काढली. अ गटाची उडी तीन सेंटिमीटरनी वाढली होती. ब गटाची अकरा.

सरांनी बेरजा तपासल्या. टेप दुसऱ्या टेपशी ताडून पाहिली. टेप निर्दोष होती. एका शनिवारी दुपारी त्यांनी संगणकावर तक्ता उघडला आणि वरच्या मथळ्यांतल्या दोन अक्षरांची अदलाबदल केली. अ च्या जागी ब, ब च्या जागी अ. तक्ता लगेच इतका गुणी दिसू लागला, की सरांनाच त्याचा संशय आला. रेघेवर पाय पडलेला असताना उडी ग्राह्य धरणाऱ्या पंचांशी हा माणूस आयुष्यभर भांडला होता. त्यांनी पेलाभर पाणी प्यायलं आणि अक्षरं जागच्या जागी ठेवली.

"मुलांना विचारलंत?" मॅडम म्हणाल्या.

"मुलांना काय विचारायचं? मोजलंय ना मी."

"मोजून कळलं नाही, म्हणूनच विचारायचं, सर."

सोमवारी सरांनी व्यायामशाळेत दोन मुलींना थांबवून घेतलं. अ गटातली उंच मुलगी बुटाच्या नाडीशी खेळत म्हणाली, "खरं सांगू, सर? तुम्ही 'शाबास' म्हणालात ना, की आम्ही दचकायचो. वाटायचं, आता ओरडणार. पहिल्या दिवशी तर आम्हाला वाटलं तुम्हाला बरं नाहीये."

"आणि तुमच्या गटाचं काय?" सर ब गटातल्या मुलीकडे वळले.

"आमची चैन होती, सर! वर्षातून एकदा मिळायचं ते रोज मिळत होतं. ठीकसरांचं 'ठीक' म्हणजे..." तिने जीभ चावली.

"कोण ठीकसर?"

दोघीही छताच्या पंख्याकडे पाहू लागल्या. पंखा बंद होता.

घरी आल्यावर सरांनी चपला न काढताच विचारलं, "तुला माहीत होतं?"

बायको इस्त्री करत होती. ती थांबली नाही. "मला न कळायला काय झालं? सत्तावीस वर्षं मी ब गटातच आहे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही 'ठीक' म्हणालात. दोन दिवस धुमसत होते मी. मग सासूबाईंनी समजावलं, 'अगं, त्याच्या बापाची पेन्शन मंजूर झाली तेव्हाही तो एवढं बोलला नव्हता.'" तिने बाही उलटी केली. "तेव्हापासून मोजत आले. तेरा झालेत आजवर."

"तेराच?"

"चौदावा भाजीला होता. पण तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात, म्हणून धरला नाही."

नोंद ठेवण्याची ही पद्धत सरांना मनापासून पटली.

मग त्यांनी 'संशोधनाच्या मर्यादा' हे प्रकरण फाडून नव्याने लिहिलं. शब्दाचं वजन शब्दकोशात नसतं, तो कुणाच्या तोंडून किती वेळा येतो त्यावर ठरतं, हे आकड्यांनिशी मांडलं. ते सहज जमलं. घाम काढला तो एका परिच्छेदाने, त्याचे नऊ खर्डे झाले: "संशोधकाने 'ठीक' हा शब्द तटस्थ गृहीत धरला होता. तो तटस्थ नव्हता. विद्यार्थ्यांमध्ये संशोधक याच शब्दाने ओळखला जातो, ही बाब प्रयोग पूर्ण झाल्यावर उघडकीस आली."

मुदत संपायला एक दिवस उरला असताना ते मॅडमच्या टेबलासमोर बसले. मॅडम लाल पेन घेऊन वाचत होत्या. पेन त्या परिच्छेदापाशी थांबलं. मॅडमनी तो पुन्हा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि वर पाहिलं.

"शाबास, सर!"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, खिशातून चष्मा काढला आणि विचारलं, "कितव्या पानावर चुकलंय, मॅडम?"