लस देऊन घेतलेली परीक्षा

तीन वर्षांत मला चौथ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा बीडच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता प्रतिकारशक्तीचीच तपासणी करू." नांदूरघाटला घरी आल्यावर दार लोटून आमच्या मालकांनी विचारलं, "म्हंजी त्यो रोग का?"

मलाही तेच वाटलं होतं. मी अंगणवाडीत काम करते. गरोदर बायांना एचआयव्हीच्या तपासणीला पाठवताना तेवढा प्रतिकारशक्ती हा शब्द कानावर पडायचा.

"ती तपासणी मागंच झाली. न्हाई निघाला," मी म्हणाले.

"मग आता कशाची?"

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी माझं ताट-पेला बाजूला ठेवला. मी त्यातच जेवले, कारण हा लागणारा रोग नाही याची माझीच खात्री नव्हती.

रक्त पुण्याला गेलं. एका कागदावर तीन आकडे आले, तिन्ही कमी. दुसऱ्यावर पेशींची मोजणी, ती मात्र ठीक.

"पेशी हायत, मग कमी काय हाय?" मी विचारलं.

"पेशी आहेत, पण जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्यं त्या बनवत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "खात्रीसाठी न्यूमोनियाची लस देऊ. महिन्यानं परत रक्त घेऊन बघू, प्रतिद्रव्यं वाढली का."

मी लई गोंधळले. लस रोग टाळायला असते, हे मीच घरोघर सांगत फिरते. इथं लस देऊन माझ्या शरीराची परीक्षा घेणार होते. दंड दुखला नाही, ताप आला नाही. हे चांगलं की वाईट, यावर आम्हा दोघांचं महिनाभर एकमत झालं नाही.

महिन्यानंतरचा प्रतिद्रव्यांचा आकडा जवळपास लशीआधीइतकाच होता. शरीरानं लशीची दखलच घेतली नव्हती. "हा शरीरातलाच दोष आहे. कुणाकडून आलेला नाही, कुणाला लागणार नाही," मॅडमनी दोनदा समजावलं. मालकांनी तिथूनच जाऊबाईंना फोन लावला आणि तो मॅडमच्या हातात दिला. त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवलो. जाऊबाई मान वर करत नव्हत्या.

आता दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं मला सलाइनमधून देतात. वर्ष झालं, छाती भरली नाही. परवा शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं विचारलं, "तुला काय झालंय गं?"

मी पेशींपासून सुरुवात केली आणि मधेच अडकले. शेवटी म्हणाले, "रक्तात कायतरी कमी हाय, मावशी."

"मग डाळिंब खा की," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.