एक्स-रेला लावलेलं कुंकू

खाकी पाकिटातून काळी फिल्म काढताना ती वाकून खडखडली की मला जयनगरचं आमचं घर आठवतं. आईची कंबर कित्येक वर्षं दुखत होती. रगड्यावर इडलीचं पीठ वाटून उठताना तिला भिंतीचा आधार लागायचा. शेवटी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तिच्या मणक्याचा एक्स-रे काढून आणला. घरात नवी वस्तू आली की तिला आधी हळद-कुंकू, हा आईचा नेम. तिने त्या फिल्मलाही ओल्या कुंकवाचं बोट लावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि कानडीत सांगितलं, "हाडं ठीक आहेत. वयामुळे स्वल्प झीज आहे, एवढंच." आईचा चेहरा पडला. "म्हणजे मी एवढी वर्षं सोंग केलं?" ती अण्णांना मराठीत म्हणाली. डॉक्टरांचं बोट ठिपक्यावर थांबलं. "हे काय, अम्मा?" "कुंकू. दुखतं तिथंच लावलंय," आई त्यांना कानडीत म्हणाली. ते हसले नाहीत. "बरं केलंत. फोटोत हाड दिसतं, दुखणं दिसत नाही. ते तुम्हीच दाखवायचं." आईने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या सकाळी रगड्यापाशी अण्णा बसले. पीठ इतकं भरड निघालं की इडल्या दगडासारख्या झाल्या. आई चटईवर पडल्या पडल्या त्या खात कानडीत "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणत राहिली. इतक्या वर्षांनी, काल माझ्या मणक्याचा स्कॅन आला. "वयानुसार बदल," असं रिपोर्टात आहे. मी फिल्म टेबलावर ठेवली आणि कुंकवाचा करंडा शोधायला उठलो.