तिरप्या अक्षरांतली कालोकालो

फिलिमोनेला मी ओळखत होतो असं म्हणायचं धाडस होत नाही. दर शुक्रवारी मी धक्क्यावरून बोटींची यादी छापखान्यात न्यायची आणि त्याने अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे, एवढाच आमचा संबंध. आमच्याकडच्या जुन्या रीतीने त्याचं बेट आणि माझं बेट आते-मामेभावांच्या नात्यातलं. त्यामुळे एकमेकांची टर उडवणं आलंच.

त्या छापखान्यातून निघणारं लेवुका बंदराचं साप्ताहिक एकाच पानाचं. बंदरात लागलेल्या बोटींची नावं साध्या, उभ्या अक्षरांत. समुद्रावर असलेल्यांची मात्र जाड आणि तिरप्या, टोकांना बारीक पाय फुटलेल्या अक्षरांत. वाऱ्यावर झुकून चालल्यासारखी दिसत ती. वाचता न येणाऱ्या बायकाही धक्क्याच्या भिंतीवरचं पान लांबून बघून ओळखायच्या, की आपला माणूस अजून वाटेत आहे. त्यातल्या काही अक्षरांची शेपटी खिळ्याबाहेर लोंबायची, जरा दाबली की मोडायची. फिलिमोने ती अंडी उचलावीत तशी उचलायचा.

एकदा दुकानदाराने त्याच अक्षरांत साबणाची जाहिरात मागितली.

"तुझा साबण कुठे निघालाय प्रवासाला?" फिलिमोने म्हणाला.

मग 'कालोकालो' नावाची बोट वादळात सापडली. गावातल्या तोरिकाचा मुलगा वेसाले तिच्यावर खलाशी होता. शोधायला गेलेले रिकाम्या हातांनी परतले. अशा बोटीचं नाव यादीतून काढायचं, ही रीत. फिलिमोने काढेना.

"जागा अडते रे," छापखान्याचे मालक म्हणाले.

"मग साबण काढा."

"पण किती दिवस?"

"त्याची आई सांगेल तोवर."

तोरिका दर शुक्रवारी पान बघायची आणि निघून जायची. रताळी लावून झाली, काढूनही झाली. एका शुक्रवारी ती चर्चचे कपडे घालून सरळ छापखान्यातच आली.

"फिलिमोने, आता उभं लाव."

"ताई, उभं म्हणजे बंदरात लागलेली. अशा वेळी नाव काढतात."

"काढू नकोस. लागलीच असेल ना कुठेतरी? पोराने किती दिवस झुकून चालायचं?"

त्याने जाड खिळे एकेक करून काढले आणि साध्या अक्षरांत नाव जुळवून बंदरातल्या बोटींमध्ये बसवलं. तोरिकाने त्या ओळीवरून बोट फिरवलं. शाई लागली, ती तिने पुसली नाही. मालकांनी पान बघितलं आणि छापायला सांगितलं.

पुढच्याच बोटीने फिलिमोने आजारी भावाकडे गेला आणि तिकडेच राहिला. त्यामुळे त्या शुक्रवारी संध्याकाळचंच आमचं बोलणं शेवटचं. तो रॉकेलने हात धूत होता.

"आज घरी काय?" मी विचारलं.

"कसावा. आणि नारळाच्या दुधातली मासळी. येतोस? तुमच्या बेटावर कुठली मिळायला!"

"नको. बायको थांबली असेल जेवायची."

"मग पळ. चिखल झालाय, कडेकडेने जा."