समुद्रावर गेलेल्या माणसाचा भात

१४ ऑक्टोबर २०२३, दुपारी १२ वाजून ५ मिनिटे. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण ती माझ्या डेटा-लॉगरने नोंदवली आहे. पुण्यात मी तापमानाच्या सेन्सर्सवर संशोधन करते. आमच्या विश्रांतवाडीच्या घरात भुताखेतांना, नवससायासांना कधीच थारा नव्हता. मलाही असल्या गोष्टी वाचून हसूच येई.

जपानमधली कॉन्फरन्स आटोपून आई आणि मी मासेमारीच्या एका छोट्या गावात, जुन्या पद्धतीच्या गेस्टहाउसमध्ये उतरलो होतो — कागदी सरकती दारे, जमिनीवर गवती चटया. मालकीण हारुको-सान साठीच्या. मी पुण्यात जपानी शिकलेली, त्यामुळे संवाद सहज होई. त्यांचे पती पहाटे होडी घेऊन गेले होते. सकाळी वारा फिरला आणि वायरलेसवरचा संपर्क तुटला.

जेवताना त्यांनी पतीच्या रिकाम्या जागेसमोर गरम भाताचा वाडगा झाकून ठेवला.

"घरचं माणूस दूर असलं की त्याचंही वाढायचं. झाकणाला आतून वाफ धरली, म्हणजे ते सुखरूप."

"हे तर मोजता येईल!" मी म्हणाले.

"तिचा नवरा तिकडे अडकलाय आणि तू भाताला वायर लावणार? धन्य आहे!" — आई.

हारुको-सान यांना तिचा सूर कळला असावा. "लावा," त्या म्हणाल्या. "नुसतं बसण्यापेक्षा आकडा बरा. फक्त ते येईपर्यंत झाकण उघडायचं नाही."

कॉन्फरन्ससाठी सोबत आणलेला लॉगर मी जोडला; १२ वाजून ५ मिनिटांनी पहिली नोंद झाली. तुलनेसाठी मी शेजारी तसाच दुसरा वाडगा ठेवला. तेवढाच भात, तसेच झाकण. दीड वाजता दुसरा वाडगा ३५ अंशांवर उतरला होता. पतीचा — ६१.२! लॉगरच्या टोकाशी वायर्सची अदलाबदल केली. तरीही तेच.

"यंत्र बिघडलंय तुझं."

"नाही ना, आई! तेच तर!"

२ वाजून १७ मिनिटांनी तो आकडा घसरू लागला. ५५... ४८... ४१... मी स्क्रीन झाकायला गेले, तर हारुको-सान यांनी माझे मनगट धरले. "राहू दे. बघू दे मला."

आई उठून त्यांना खेटून बसली. "येतील हो," ती चक्क मराठीत म्हणाली. "येतील."

३९.६ वर आकडा थांबला. आणि मग — वाढू लागला! शेगडी नाही, ऊन नाही, झाकण बंद. निवलेला भात आपोआप तापत नाही. निसर्गात तसे घडत नाही. २ वाजून २६ मिनिटांनी ६१.१. मी अक्षरशः ओरडले.

साडेतीनला बंदरातून फोन आला. मदतीला आलेली होडी जवळ पोहोचत असतानाच लाटेने हारुको-सान यांच्या पतींना पाण्यात फेकले होते. "सव्वादोनचा सुमार. आठ-दहा मिनिटांत वर ओढलं. बरे आहेत."

पुण्यात परतल्यावर मी दोन्ही सेन्सर्स तीनदा तपासले. त्रुटी ०.२ अंशाहून अधिक नाही. सहकाऱ्यांनी सुचवलेली प्रत्येक शक्यता पडताळून खोडली. स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही.

लॉगरमधल्या शेवटच्या नोंदी मात्र १४ ऑक्टोबरच्याच. ४ वाजून ४१ मिनिटांनी पतीचा वाडगा ६१.१ दाखवत होता. पुढच्याच मिनिटाला दार सरकले, आणि ब्लँकेट गुंडाळलेले ते आत आले. हारुको-सान यांनी झाकण उचलले. वाफ नव्हती.

"गार झालाय," त्या ओशाळून म्हणाल्या.

"चालेल," म्हणत ते खाली बसले आणि खाऊ लागले.

मी स्क्रीनकडे पाहिले. खोलीचे तापमान २२.९. भाताचे — २२.९.