भुशाच्या बाजूनं

सातवीतल्या माझ्या मुलीला शाळेनं प्रोजेक्ट दिला होता: आपल्या घराण्यात वापरलेलं एखादं जुनं अवजार शोधा, आजीआजोबांकडून त्याची माहिती घ्या, त्यांच्यासोबत फोटो काढा. द्यायचा सोमवारी. माझ्या बाबांना तिनं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी पेपर उघडला. बाबा विदर्भातून नोकरीसाठी दिल्लीला आले आणि सरकारी कचेरीत साहेब होऊन निवृत्त झाले. 'गावाकडे आमची शेती होती' असं मी सोसायटीत सगळ्यांना सांगत आले होते. बाबांनी ते कितीदा तरी ऐकलं, कधी दुरुस्त केलं नाही. मुलीनंही पहिल्या पानावर तेच लिहून टाकलं होतं.

घरी तसलं काहीच नव्हतं, म्हणून एखादं अवजार बघायला रविवारी आम्ही तिघं गुरुग्रामच्या पलीकडच्या एका गावात गेलो. तिथल्या जुन्या चौपालीत, म्हणजे चावडीत, गावकऱ्यांनी छोटंसं संग्रहालय केलंय. मधोमध एक लोखंडी यंत्र उभं होतं. दातेरी चाकं, एक हँडल, पत्र्याची चार पाती. पाटी नव्हती. मुलगी म्हणाली, कूलर असणार. मी अक्कल पाजळली, की यानं विहिरीचं पाणी उपसत असतील. राखणदाराला विचारलं, तर आपण आधी बँकेत शिपाई होतो, इथं फक्त कुलूप उघडतो, असं त्यानं सांगितलं आणि बाबांकडे बोट केलं. "अंकल गाँव के हैं, अंकल बताएँगे."

बाबांनी हँडल पाहिलं, चाकं पाहिली, नाही म्हणून मान हलवली. मला राग आला. शेतकऱ्याच्या घरातला माणूस आणि एवढंही सांगता येऊ नये?

मग ते यंत्राला वळसा घालून पलीकडे गेले, मोजून सात-आठ पावलं मागे सरले आणि भिंतीशी चक्क उकिडवे बसले.

"उफणणीचा पंखा," ते म्हणाले.

एकजण हँडल फिरवायचा, दुसरा टोपलीतून ज्वारी सोडायचा. दाणे खाली पडायचे आणि भुसा उडून इथपर्यंत यायचा. त्या भुशात त्यांची आई सूप घेऊन बसायची. वाऱ्याबरोबर आलेले हलके दाणे पाखडून काढायची, निघतील ते तिचे. बाबा तिच्याशेजारी. हँडलकडे त्यांना कोणी फिरकू देत नसे, त्यामुळे यंत्र पाहिलं ते एवढ्या लांबून, धुळीत डोळे बारीक करून. हे सगळं त्यांनी फाइलवर शेरा मारावा तसं सांगितलं.

मुलीनं विचारलं, "म्हणजे शेत आपलं नव्हतं?"

"नव्हतं. सूप आपलं होतं."

तिला सूप माहीत नव्हतं. बाबांनी दोन्ही हातांनी पाखडून दाखवलं. राखणदारानं त्याचं हिंदी नाव सांगितलं, छाज. मुलीनं खाली बसून पहिल्या पानावरची ओळ खोडली आणि नवी लिहायला घेतली.

मला माझीच लाज वाटली. आधी का नाही बोललात, असं मी बाबांना हळूच विचारलं.

"तुला सांगताना बरं वाटायचं," ते म्हणाले.

फोटोसाठी राखणदारानं सुचवलं, की अंकलनी हँडलवर हात ठेवावा, छान दिसेल. बाबा जागचे हलले नाहीत. मुलगी त्यांना टेकून बसली. फोटो मी काढणार होते. मोबाइल राखणदाराच्या हातात दिला आणि बाबांच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीशी जाऊन बसले.